व्हायबर्नमचा हट्ट सोडा, कुंती लावा: ठाणे-नवी मुंबईच्या बागांसाठी

परदेशातल्या बागांचे व्हिडिओ बघून व्हायबर्नमवर जीव जडलेली मंडळी दर मे महिन्यात माझ्याकडे चौकशी करतात. त्यांना हवं असतं ते काही वावगं नसतं. छातीएवढं दाट झुडूप, बारमाही हिरवी पानं, पांढऱ्या फुलांचे झुबके, संध्याकाळी घरभर वास, आणि समोरच्या टॉवरमधून थेट आपल्या हॉलमध्ये येणारी नजर अडेल एवढा आडोसा. हे सगळं ठाण्यात आणि नवी मुंबईत मिळतं. फक्त त्या झुडपाचं नाव व्हायबर्नम नाही.

व्हायबर्नमच्या दीडशेहून जास्त जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याचशा थंड मुलखातल्या. फोटोत दिसतो तो फुलांचा गुबगुबीत पांढरा चेंडू, म्हणजे 'स्नोबॉल', त्याला हिवाळ्यात काही आठवडे खरी कडक थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा पंधरा अंशांवर आला तरी पेपरात बातमी होते. त्याच्या बियांची ऑनलाइन मिळणारी पाकिटं तर घेऊच नका. व्हायबर्नमच्या बऱ्याच जातींच्या बीला आधी ऊब, मग लांबलचक गारवा, मग पुन्हा ऊब असं चक्र लागतं आणि उगवायला दीड-दोन वर्षंही लागू शकतात. पाकिटावर हे कुणी छापत नाही.

एक अपवाद सांगतो. व्हायबर्नम ओडोरॅटिसिमम ही सदाहरित जात ईशान्य भारतापासून जपानपर्यंत आढळते आणि फ्लोरिडाच्या दमट हवेत तिची कुंपणं करतात. खात्रीच्या माणसाकडून तिचं रोप मिळालं तर जरूर लावून बघा. खालचे माती-निचऱ्याचे नियम तिलाही चालतील. पण पहिलंच झुडूप लावत असाल तर कुंती घ्या. नर्सरीत तिला बहुतेक ठिकाणी कामिनी किंवा मधुकामिनी म्हणतात. लिंबाच्या कुळातली, कढीपत्त्याची जवळची नातेवाईक. पाच पाकळ्यांची मेणचट पांढरी फुलं, संत्र्याच्या मोहोरासारखा वास, नंतर नारिंगी-लाल फळं आणि ती खायला बुलबुल. मोकळी सोडली तर दोन-तीन मीटर सहज होते, पण कापून कमरेएवढी ठेवली तरी कुरकुर करत नाही.

माझी झुडपं नेरुळच्या रो हाऊसच्या पुढच्या पट्टीत आहेत आणि बहिणीची ठाण्यात सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत, त्यामुळे जमीन आणि कुंडी, दोन्ही बाजू लिहितोय.

काय काय लागेल

- दीड ते दोन फुटांचं रोप (कुंपणासाठी दर दोन-अडीच फुटांवर एक)
- १४ ते १६ इंची कुंडी किंवा तेवढीच ग्रो बॅग. १२ इंचांच्या खाली जाऊ नका
- लाल माती, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट, जाड वाळू, निंबोळी पेंड
- खुरपं, सिकेटर म्हणजे छाटणीची कात्री, झारी, फवारणीची छोटी बाटली
- विटेचे तुकडे, कुंडी जमिनीपासून उचलून ठेवायला
- जागा सोसायटीची असेल तर कमिटीला द्यायचा लेखी अर्ज आणि त्यावर सहीशिक्क्याची पोच

१. आधी ऊन मोजा, मग रोप आणा

कुंती सावलीतही जगते. पण फुलं हवी असतील तर चार-पाच तास थेट ऊन पाहिजे. 'उजेड भरपूर आहे' हे उत्तर चालत नाही; पांढऱ्या भिंतीवरून परतून आलेल्या उजेडात पानं छान दिसतात आणि कळी एकही येत नाही.

ठाणे साधारण १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि डिसेंबरात तो चांगलाच दक्षिणेला कलतो. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन पार आतपर्यंत येतं, आणि मे महिन्यात वरच्या स्लॅबची सावली पडून कुंडी दुपारभर अंधारात राहते. उत्तरेच्या बाल्कनीचं बरोबर उलटं, आणि तिच्या वाट्याला ऊन येतं त्या दिवसांत निम्मा काळ आभाळ भरलेलं. पूर्व आणि पश्चिम बाल्कनी वर्षभर अर्धा दिवस तरी सांभाळून घेतात, म्हणून कुंतीला त्याच बऱ्या. पश्चिमेचं ऊन ती सोसते. कुंडी लहान असेल तर मुळं तापतात, एवढंच बघायचं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून पाचपर्यंत दर तासाला त्याच जागेचा मोबाइलवर फोटो काढा. समोरचा टॉवर किती ऊन खातो ते त्या फोटोंत दिसतं. घोडबंदर रस्त्यावर नव्या इमारती उभ्या राहतायत तिथे शेजारच्या प्लॉटवर काय येणार आहे तेही विचारून ठेवा.

उत्तरेचीच बाल्कनी असेल तर कुंतीच्या नादी लागू नका.

२. वजन आणि परवानगी

१४ इंची कुंडी भिजल्यावर पस्तीस-चाळीस किलोपर्यंत जाते. ती कठड्यावर, खिडकीच्या ग्रिलमध्ये किंवा छज्जावर ठेवायची नाही. पावसाळी वाऱ्यात भरगच्च झुडूप शिडासारखं वारा धरतं, आणि खाली माणसं चालत असतात. कुंडी बाल्कनीच्या जमिनीवर, भिंतीला लागून, एवढंच.

पोडियमवरच्या बागेत लावणार असाल तर कमिटीला दोन प्रश्न लेखी विचारा: मातीची खोली किती, आणि वॉटरप्रूफिंग कधी झालं. खाली पार्किंग असतं. गळती सुरू झाली की पहिलं बोट झाडं लावणाऱ्याकडे जातं, मग कारण काहीही असो. दीड फूट माती कुंतीला पुरते; त्याहून कमी असेल तर मोठ्या ग्रो बॅगा ठेवणं शहाणपणाचं. तोंडी 'लावा हो, काय त्यात' यावर विसंबू नका, कमिट्या बदलतात.

स्वतःच्या रो हाऊसच्या आवारात हा प्रश्न येत नाही. पण कुंपणाच्या भिंतीपासून दोन फूट आत लावा, नाहीतर शेजाऱ्याच्या बाजूची छाटणी शेजारी करणार आणि ती त्याच्या मर्जीने होणार.

३. रोप निवडताना

घोडबंदर रस्त्यालगत नर्सऱ्या आहेत, नवी मुंबईतही जागोजागी आहेत. फुललेलं रोप बघून घेऊ नका. फुलं दोन दिवसांत गळतात आणि मग तुमच्या हातात उरतं ते खोड, तेच आधी बघायचं.

- कुंपणासाठी बुडापासून तीन-चार फांद्या फुटलेलं रोप घ्या. एकाच काठीवर वर झुपका असलेलं रोप खालून कायम उघडं दिसतं.
- शेंड्याची कोवळी पानं उलटी करून बघा. चुरगळलेली, पिळवटलेली, किंवा त्यावर पांढरे मेणाचे दोरे असतील तर त्या रोपाला आणि त्याच्या शेजारच्याही रोपांना हात लावू नका.
- पिशवीच्या तळातून जाड मुळं बाहेर येऊन जमिनीत घुसलेली असतील तर ते रोप तिथे बराच काळ पडून आहे. उचलताना ती मुळं तुटणारच.
- लहान पानांची बुटकी कामिनी वेगळी मिळते. कुंडीसाठी ती छान. आडोशासाठी मात्र मोठ्या पानांचीच घ्या; बुटकीची वाट बघत बसलात तर समोरच्यांची नजर तोवर अडणार नाही.

बरीचशी रोपं बाहेरगावाहून येतात. आंध्रातलं राजमहेंद्रीजवळचं कडियम हे देशभर रोपं पुरवणारं मोठं गाव. अशा लांबून आलेल्या रोपांच्या मुळांभोवती बहुधा घट्ट चिकणमातीचा गोळा असतो. तो ओला असताना नरम लागतो, वाळला की पेव्हर ब्लॉकसारखा. वरून घातलेलं पाणी त्याच्या कडेने घसरून जातं, आजूबाजूची माती ओली आणि मुळं कोरडी. रोप का सुकतंय ते कळत नाही, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. या गोळ्याचं काय करायचं ते लावणीत येईल.

४. माती आणि निचरा

कुंती सगळ्यात जास्त कशाने मरत असेल तर तुंबलेल्या पाण्याने. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे मातीत काय घालायचं यापेक्षा पाणी कुठून बाहेर जाणार, हा प्रश्न आधी.

जमिनीत लावणार असाल तर फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी तीन-चार तासांत गेलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशी सकाळीही डबकं असेल तर खड्ड्यात लावायचंच नाही. आठ-नऊ इंच उंचीचा गादीवाफा करा आणि झुडूप त्यावर चढवा. नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावाच्या जमिनीवर तर मी न तपासताच गादीवाफा करायला सांगतो; तिथे पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते आणि जमीन खालून भिजते.

भरावाचा दुसरा त्रास म्हणजे डेब्रिज. खणताना प्लॅस्टरचे तुकडे, सिमेंट, टाइल्सचे कपचे निघतात. सिमेंटमधला चुना माती अल्कधर्मी करतो आणि मग जमिनीत लोह असूनही लिंबाच्या कुळातल्या झाडांना ते उचलता येत नाही. खूण सोपी आहे: नवीन पान पिवळं, पण त्याच्या शिरा हिरव्याच. असं दिसलं की लोक युरिया टाकतात. त्याने काही होत नाही. दीड फूट रुंद आणि तेवढाच खोल खड्डा खणून डेब्रिज वेचून टाका, निम्मी माती बदला आणि भरपूर कुजलेलं खत मिसळा. तात्पुरतं हिरवेपण हवं असेल तर चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं लोह) किंवा सूक्ष्म अन्नद्रव्यांचं मिश्रण फवारा, प्रमाण पाकिटावर असतं तेवढंच.

कुंडीसाठी: दोन भाग लाल माती, एक भाग गांडूळखत किंवा शेणखत, एक भाग कोकोपीट आणि वाळू मिळून, वर दोन मुठी निंबोळी पेंड. नुसती लाल माती भरू नका, दोन पावसांत ती दबून वीट होते. नुसतं कोकोपीटही नको. सातव्या मजल्यावरच्या वाऱ्यात ते वाळतं, आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी लवकर धरत नाही. कुंडीच्या तळाला बोट जाईल एवढी तीन-चार भोकं हवीत. दुकानात कुंडी उलटी करून बघा, बऱ्याच प्लॅस्टिकच्या कुंड्यांना भोकांच्या जागी नुसत्या खुणा असतात.

५. लावणी

जमिनीत: पहिले दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती थंड झाली की, म्हणजे मृगाच्या उत्तरार्धापासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत. संततधार लागल्यावर नको. कुंडीत: त्याच वेळी, नाहीतर सप्टेंबरच्या शेवटी. एप्रिल-मेमध्ये रोप स्वस्त मिळालं तरी सावलीत पिशवीतच ठेवा.

संध्याकाळी लावा. पिशवी सुरीने उभी कापा, ओढून काढू नका. आता तो चिकणमातीचा गोळा: अख्खा गोळा पाण्याच्या बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा, मग बाहेरची इंचभर माती बोटांनी हलके मोकळी करा आणि तळाशी गोल फिरलेली मुळं सोडवा. सगळी माती धुऊन काढायचा उत्साह नको, बारीक मुळं तुटतात आणि रोप महिनाभर मान टाकून बसतं.

रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा. खोडाभोवती मातीचा ढीग करायची आपल्याकडे सवय आहे. त्याने बुंधा कुजतो. माती दाबा, पण पायाने नाही. पाणी भरपूर द्या आणि पहिला आठवडा दुपारचं ऊन लागणार नाही असं काहीतरी करा, जुनी ओढणी बांधली तरी पुरे.

६. पाणी

वेळापत्रक विसरा. बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर नाही. उन्हाळ्यात कुंडीला बहुधा रोज लागतं, थंडीत एक-दोन दिवसांआड. पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून टाका. रोपाला पाणी तुंबलेलं चालत नाही आणि डासांना तेच हवं असतं.

उन्हाळ्यात ठाण्याच्या बऱ्याच सोसायट्या टँकरवर आणि बोअरवर येतात. बोअरचं पाणी क्षारांचं असेल तर ते क्षार कुंडीत साठत जातात: मातीवर पांढरा थर आणि पानांच्या कडा जळल्यासारख्या तपकिरी. हे खताच्या कमतरतेचं लक्षण समजून आणखी खत घालणारे पुष्कळ आहेत, आणि खत म्हणजे आणखी क्षार. उपाय उलटा आहे. महापालिकेचं पाणी येईल त्या दिवशी कुंडीत तिच्या आकाराच्या दुप्पट पाणी हळूहळू ओता आणि ते सगळं खालून वाहून जाऊ द्या. पहिल्या पावसात कुंड्या उघड्यावर सरकवता आल्या तर त्याहून चांगलं.

७. फुलं आणायची तर ताण द्या

'झाड मस्त आहे, पण फुलत नाही' ही कुंतीबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती बहुतेक वेळा फार लाड केलेल्या झाडांची असते.

विदर्भ-मराठवाड्यातले संत्रा-मोसंबीवाले बहार धरतात, ते तुम्ही ऐकलं असेल: आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार. झाडाचं पाणी तोडायचं, त्याला ताण द्यायचा, आणि मग पाणी-खत देऊन एकदम फुलवायचं. कुंती त्याच कुळातली आहे आणि तिचा स्वभावही तोच. ती सुट्या फुलांनी वर्षभर फुलत नाही, बहाराने फुलते. कोरडा काळ जावा लागतो, मग भरपूर पाणी, की काही आठवड्यांनी सगळं झुडूप एका रात्रीत पांढरं. जूनमध्ये गावभर कुंती फुलते ती यामुळेच: मे महिन्याचा ताण आणि मृगाचं पाणी. परतीचा पाऊस उघडून पुन्हा आला तर ऑक्टोबरातही एक बहार मिळतो.

रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी घातलेल्या कुंडीतल्या झाडाला हा कोरडा काळ कधी भेटतच नाही. म्हणून तो आपण द्यायचा.

झाड किमान दोन वर्षांचं आणि निरोगी हवं. डिसेंबर-जानेवारी ही वेळ चांगली, हवा सौम्य असते. पाणी बंद करा आणि रोज सकाळी पानं बघा. आधी त्यांची चकाकी जाते. मग पानं किंचित खाली झुकतात आणि दुपारी मलूल दिसतात, पण दुसऱ्या दिवशी सकाळी सावरलेली असतात. ज्या दिवशी सकाळीही सावरलेली दिसत नाहीत त्या दिवशी ताण पुरा. त्यापुढे एक दिवसही नको. पानं कुरकुरीत झाली म्हणजे उशीर झाला. कुंडीत हे होण्यास किती दिवस लागतील ते कुंडीच्या आकारावर आणि वाऱ्यावर आहे, बहिणीकडे सातव्या मजल्यावर ताण माझ्या अंगणापेक्षा फार लवकर बसतो.

मग वरची इंचभर माती खुरप्याने मोकळी करा, दोन मुठी गांडूळखत पसरा आणि तळातून पाणी येईपर्यंत भिजवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर नेहमीसारखं पाणी चालू. दोन ते चार आठवड्यांत फांद्यांच्या टोकांना हिरवट-पांढऱ्या कळ्यांचे गुच्छ दिसतात.

कळ्या दिसल्यावर कुंडी हलवू नका, आणि पाणी चुकवू नका. आता ताण दिलात तर कळ्या गळतील.

मे महिन्यात कुंडीला मुद्दाम ताण देऊ नका. तिथे सकाळी मलूल आणि संध्याकाळी मेलेलं, यात अंतर फार थोडं असतं. जमिनीतल्या जुन्या झाडाला मे महिना आपोआप ताण देतो, त्याला फक्त आठवड्यातून एकदा पाणी दिलं तरी पुरतं.

खताचं थोडक्यात: महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत, पावसाळ्यात तेही नाही. नत्र जास्त झालं की पानांचा डोंगर होतो आणि कळी येत नाही, म्हणून युरिया घरात आणूच नका.

८. छाटणी: इथेच बहुतेकांची फुलं जातात

कुंतीची कळी नव्या फुटव्याच्या टोकाला येते. टोक कापलं की त्या टोकाची फुलं गेली. सोसायटीच्या आवारात दर महिन्याला मोठ्या कात्रीने सपाट कापलेली कामिनीची हिरवी भिंत तुम्ही पाहिली असेल. तिच्यावर फुलं क्वचितच दिसतात. दोष झाडाचा नाही. आणि पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात सरसकट भादरलं जातं, ते नेमकं मृगाच्या बहाराच्या तोंडावर.

मोठी छाटणी वर्षातून एकदाच, फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात. उंचीचा एक तृतीयांश भाग काढला तरी चालतो. मेलेल्या, आतल्या बाजूला वळलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या बुडापासून काढा म्हणजे आत हवा खेळते. झुडपाला आकार देताना खाली रुंद आणि वर किंचित अरुंद ठेवा. उलटं झालं तर खालच्या फांद्यांना ऊन मिळत नाही आणि दोन वर्षांत बुडाशी नुसत्या काठ्या दिसतात.

त्यानंतर प्रत्येक बहार ओसरला की आठवडाभरात हलकी छाटणी: फुलून गेलेली टोकं चार-सहा इंच मागे. फळं हवी असतील तर काही गुच्छ सोडा. संततधारेत कात्री लावू नका, ओल्या जखमेत बुरशी शिरते.

माळीदादांना हे एकदा समजावून सांगायला लागतं. त्यांना दर महिन्याला कापायची सवय असते आणि कापलं नाही तर काम केलं नाही असं कमिटीला वाटतं. मी कमिटीला लिहूनच दिलं: कामिनीची रांग बहार गेल्यावरच कापायची.

९. किडी, आणि ज्यांना मारू नये ते पाहुणे

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड: फांदीच्या सांध्यात पांढरा कापूस किंवा तपकिरी टिकल्या, पानांवर चिकट थर, त्यावर काळी बुरशी, आणि मुंग्यांची ये-जा. आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून झाड धुवा. मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रव साबण, नीट ढवळून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूने. आठवड्याने पुन्हा. भर उन्हात तेल फवारलं तर पानं भाजतात.

सिट्रस सायला: तीन-चार मिलिमीटरचा तपकिरी किडा, कोवळ्या पानावर डोकं खाली आणि शेपूट वर करून तिरका बसतो. त्याच्या पिल्लांमुळे शेंडे पिळवटतात. कुंतीपेक्षा हा लिंबाला जास्त घातक, कारण लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग तोच पसरवतो. बाल्कनीत लिंबाची कुंडी असेल आणि तुम्हाला लिंबं प्यारी असतील तर कुंती तिच्या शेजारी ठेवू नका, आणि दोघांचे नवे शेंडे नियमित तपासा. कढीपत्त्यालाही हाच नियम, फरक एवढाच की त्याची पानं आपण खातो, म्हणून त्याच्यावर बाजारू कीटकनाशक उडू देऊ नका.

पावसाळ्यात मोठ्या आफ्रिकन गोगलगायी येतात आणि लहान रोपाची पानं एका रात्रीत फस्त करतात. रात्री टॉर्च घेऊन, हातात प्लॅस्टिकची पिशवी चढवून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. उघड्या हाताने उचलू नका. मीठ वाफ्यात कधीही टाकू नका, गोगलगाय जाते आणि मातीही जाते.

आता पाहुणे. पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं काहीतरी दिसेल आणि ते हळूच हललं तर ती फुलपाखराची अळी आहे, आपल्याकडे बहुधा कॉमन मॉरमॉन. मोठी झाली की हिरवीगार होते. काडीने डिवचलं तर डोक्यामागून तांबूस शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. ती पानं खाते, पण मोठं झुडूप त्याने मरत नाही. रोप फूटभराचं असेल तर अळी उचलून मोठ्या झाडावर सोडा.

१०. झाड जुनं झाल्यावर

बुडाशी उघडं पडलेलं जुनं झुडूप फेब्रुवारी-मार्चमध्ये दीड-दोन फुटांवर कापलं तर पुन्हा फुटतं. एका वर्षात सगळ्या फांद्या न कापता दोन वर्षांत विभागून कापलेलं बरं, आडोसा टिकतो.

पण करवत उचलण्याआधी कायदा बघा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ हा कायदा ठाणे आणि नवी मुंबई, दोन्ही महापालिकांत लागू आहे. त्यात झाड म्हणजे कोणतीही बहुवर्षायू, लाकडी खोडाची वनस्पती, अगदी रोपाच्या अवस्थेतलीही, आणि जमिनीपासूनच फांद्या फुटणारी झुडपंही त्यात धरली आहेत. म्हणजे कुंती या व्याख्येत आरामात बसते, मग तुम्ही तिला झुडूप म्हणा की कुंपण. झाड तुमच्या स्वतःच्या आवारात असलं तरी फरक पडत नाही. ते काढायचं किंवा बुडाशी छाटायचं असेल तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे, उद्यान विभागामार्फत, आधी अर्ज करा. अर्जासोबत झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो, जागा तुमची असल्याचा पुरावा, आणि सामायिक जागा असेल तर सोसायटीच्या ठरावाची प्रत तयार ठेवा.